सरळ अंगाचं काडतूस

उम्म अल कुवैन
१० नोव्हेंबर २००१

बाबा,

तुम्ही फोनवर येत नाही म्हणून लिहितेय. हे पत्र बाजूला टाकायचं असेल तर टाका, पण पहिलं पान वाचून टाका.

काल सकाळी आमच्या स्वयंपाकघरात गोळी शिरली. रायफलची. बाहेरच्या पत्र्यातून आत, मग फ्रिजच्या दारातून, मग फ्रिजमधल्या दुधाच्या कॅनमधून. वैभवी टेबलाशी बसून खात होती. तिच्यात आणि फ्रिजमध्ये एक खुर्ची, बस. मी बाथरूममध्ये होते. मला मोठं भांडं पडल्यासारखा आवाज आला. बाहेर आले तर ती शांतपणे म्हणाली, "ममा, द फ्रिज इज लीकिंग."

मी फडकं घेऊन दूध पुसायला बसले. बाबा, मी खरंच दूध पुसत होते. अर्धी लादी पुसून झाली आणि मान वर केली तेव्हा दाराचं भोक दिसलं. मग भिंतीचं दिसलं, त्यातून उजेड येत होता. मी वैभवीला उचललं ते सरळ बाहेर पळाले. बाहेर, म्हणजे जिकडून गोळी आली तिकडेच. अक्कलच गेली होती. राजन ओरडत मागे आला आणि दोघींना गाडीच्या आड ओढलं.  

चार वर्षांत तुम्ही इथलं काही विचारलं नाहीत, आणि आईला मी फक्त हवापाणी सांगते. म्हणून आता सांगते. आम्ही फार्मवरच राहतो, समुद्रापासून आत, वाळूतल्या सपाटीवर. स्टाफची चार पोर्टा केबिन आहेत, त्यातलं एक आमचं. राजन रोज इंडस्ट्रियल एरियातल्या फॅक्टरीत जातो, मी इथे हरणं बघते. चितळ आहेत, आपलेच चितळ. मोठं कुंपण, आत लावलेली झाडं, एक तळं, तळ्यात अरबाबांची बदकं. अरबाब म्हणजे मालक, इथे सगळे तसंच म्हणतात.

ऑक्टोबरमध्ये कळपाची टीबीची टेस्ट झाली. कन्सल्टंट बाहेरचा होता. चाळीस जनावरं पॉझिटिव्ह निघाली. टेस्टसाठी पकडतानाच दोन माद्या कुंपणावर आपटून मेल्या, मान मोडून. म्हणून पुन्हा पकडून इंजेक्शन द्यायचं नाही, लांबून मारायची, असं ठरलं. काल सुट्टी होती, तर अरबाबांचा पुतण्या स्वतःची सेव्हन एमएम मॅग्नम घेऊन आला आणि कुणाला न सांगता एक नर मारला. नर जागच्या जागी पडला. गोळी मानेतून निघाली आणि चारशे मीटर पुढे आमच्या घरात आली.

संध्याकाळी अरबाब स्वतः आले. म्हातारे आहेत, कमी बोलतात. फ्रिजच्या भोकात त्यांनी बोट घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाले, "डॉक्टर, तुम बोलो कौन सी गोली. वही आएगी, दूसरी नहीं आएगी. इन्शाल्ला ऐसा फिर नहीं होगा."

मला गोळ्यांतलं काय कळतं? मला जनावराच्या आतलं कळतं. गोळ्यांतलं कळणारा एकच माणूस मला माहीत आहे.

तुम्ही काय म्हणाल तेही माहीत आहे. जनावरं मोजण्यात आणि शिकारचोरांच्या मागे जंगलं तुडवण्यात तुमची सगळी नोकरी गेली आणि मुलगी अशा ठिकाणी लागली जिथे पाहुण्यांना मारता यावीत म्हणून हरणं पाळतात. तुम्ही फोनवर हे म्हणालात आणि रिसीव्हर ठेवलात, तो ठेवलातच. मी त्यावर भांडायला लिहीत नाहीये. ही हरणं आजारी आहेत, ती मारायचीच आहेत, आणि माझी मुलगी चारशे मीटरवर झोपते. कोणती गोळी, एवढंच सांगा.

मृणाल

८ डिसेंबर २००१

बाबा,

तुमचं पत्र आलं. वर 'चि.' नाही, खाली 'तुझे बाबा' नाही, मध्ये दीड पान काडतुसं. पाकिटावरचं तुमचं अक्षर बघून मी पोस्ट बॉक्सपाशीच उभी राहिले. मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, यल्ला, साइड." उत्तर येईल असं मला वाटलंच नव्हतं.

तुम्ही लिहिलंत तसं मी राजनला समजावलं आणि समजावता समजावता मला समजलं. बाटलीसारखी मान असलेल्या काडतुसात पोट मोठं, तोंड बारीक. दारू जास्त, गोळी हलकी, वेग भयंकर. डोंगरात लांबचं जनावर मारायला ते ठीक. सपाट मुलखात, जिथे मागे घरं आहेत, तिथे ती गोळी थांबत नाही. सरळ अंगाचं काडतूस बुडापासून तोंडापर्यंत जवळजवळ एकाच जाडीचं. गोळी जाड, जड, हळू. जवळच्या हरणाला पुरते आणि लवकर खाली येते. अमेरिकेत काही सपाट शेतीच्या भागांत हरणांसाठी अशाच बोजड गोळ्या चालतात, हेही तुम्ही लिहिलंत. तुम्हाला हे कुठून कळलं, हे विचारायची हिंमत नाही.

मी आणि सालेम अबुधाबीला गेलो. सालेम इथला रखवालदार, साठीचा, बदू, वाळवंटातल्या टोळीतला. बंदुकीचं लायसन्स त्याच्या नावावर आहे, आणि मारणारही तोच. रमझान असल्यामुळे दुकान संध्याकाळी उघडलं. काउंटरवरच्या मुलाला मी म्हटलं, हरणासाठी सरळ अंगाची काडतुसं दाखव. तो म्हणाला, "मॅडम, डियर के लिए सेव्हन एमएम बेस्ट है. हंड्रेड पर्सेंट."

मी म्हटलं, "उससे मेरा फ्रिज मर गया."

तो हसला. मी हसत नाही हे बघून थांबला.

त्याने काचेवर तीन ठेवली. पहिलं .४४ मॅग्नम, मुळात पिस्तुलाचं, पण छोट्या रायफलीतही चालतं. ते मला आवडलं होतं, बाबा, कारण सगळ्यांत लहान दिसत होतं. पण तुम्ही त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या: पन्नास-साठ मीटरपुढे जनावर जखमी होऊन पळेल आणि तीन दिवस मरत राहील. सालेमचंही तेच मत पडलं. हरणं काय आपण आखलेल्या जागी येऊन उभी राहणार नाहीत. दुसरं .४४४. त्याचा वेग जास्त, आणि दुकानात त्याची मऊ टोकाची गोळीच नव्हती. तिसरं .४५-७०. सालेमने ते तळहातावर घेऊन वजन केलं आणि म्हणाला, "यह गोली नहीं है, खजूर है."

तेच घेतलं. मऊ शिशाच्या टोकाचं, जड. लिव्हर ओढायची रायफल, तीही त्याच दुकानातून.

"पण .४५-७० ही काही संत नाही," असं तुम्ही लिहिलंय. हरणातून ती पण आरपार जाईल, वाळूवरून उसळेल पण. म्हणून मचाण बांधायचं, वरून खाली मारायचं, मागे मातीचा बांध घालायचा. हे वाक्य मी कितीदा वाचलं. नुसती गोळी बदलून भागत नाही, असं सांगणारं दुसरं कुणी इथे नाही. मॅनेजरला तर मचाण म्हणजे काय तेच समजावावं लागलं. मॅनेजर दत्तप्रसाद, आपलाच मराठी माणूस, मालवणकडचा. म्हणाला, "मॅडम, हरणांसाठी पण आता प्रोजेक्ट रिपोर्ट करणार का?"

मोकळ्या वाळवंटात जाऊन आम्ही दोन्ही रायफली पारखून घेतल्या. चारशे मीटरवर प्लायचा बोर्ड उभा केला, घराच्या जागी. सालेमने उभ्याने, आडवी धरून, आधी पुतण्याची सेव्हन एमएम मारली. बोर्डाला खालच्या बाजूला भोक. मग नवी. दस्त्याने त्याला असा झटका दिला की तो दोन पावलं मागे आला आणि खांदा चोळत म्हणाला, "वल्लाह, ऊंट है, ऊंट!" बोर्ड कोरा. गोळी अर्ध्या वाटेवर वाळूत घुसली होती, तिथून एक उसळी घेऊन पुढे पडली होती. सालेमने हातांनी वाळू उकरून काढली. शिसं अळंबीसारखं फुललेलं, अजून कोमट.

त्या कोऱ्या बोर्डाला हात लावून मी उभी होते. मला रडू आलं. सालेमने दुसरीकडे बघितलं.

ईद झाल्यावर मचाण बांधू. मारायचं जानेवारीत.

आईला सांगा, वैभवी बरी आहे. फक्त स्वयंपाकघरात बसून खात नाही. हातात बशी घेऊन गाडीत जाऊन बसते.

मृणाल

१४ जानेवारी २००२

बाबा,

आज सहा मारली.

सगळं तुम्ही सांगितलं तसं झालं. मचाण, बांध, सकाळचं ऊन पाठीमागून. सालेम वर, मी त्याच्या शेजारी दुर्बीण घेऊन कानातले टॅग वाचत होते. मी नंबर सांगायची, तो मारायचा. या काडतुसाचा आवाज वेगळा आहे. सेव्हन एमएम कानात फुटते, ही छातीत आपटते. पहिली मादी पडली तेव्हा बाकीची पळाली नाहीत. थोडी बाजूला झाली आणि पुन्हा चरायला लागली. मला वाटलं होतं पळतील. ती पळाली असती तर बरं झालं असतं.

एकही जखमी होऊन पळालं नाही. सहाही गोळ्या मातीत सापडल्या. घरापर्यंत काहीच गेलं नाही. सालेम म्हणाला, "डॉक्टर, गोली सही है." मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. ते लिहायला लाज वाटतेय, पण वाटलं.

मग मी उघडली.

बाबा, फुप्फुसं गुलाबी होती. स्वच्छ, हलकी, दाबली की चुरचुरणारी. पहिल्या मादीत एकही गाठ नाही. गळ्याजवळचे लिम्फ नोड्स चिरून बघितले. स्वच्छ. मला वाटलं, सुरुवातच असेल आजाराची, दिसत नसेल. दुसरं उघडलं. तिसरं. मदतीला दोन माणसं होती, त्यांना मी ओरडत होते की नीट धरा, लाइट इकडे करा, जणू त्यांच्यामुळे गाठी दिसत नाहीयेत. एखाद्यात काही दिसलं नाही तर समजू शकते. सहाही स्वच्छ, असं होत नाही.

सहावं उघडून मी हात धुवायला गेले आणि नळ सुरू करून तशीच उभी राहिले. समोर तळं. तळ्यावर बदकं, आणि त्याच पाण्यावर हरणं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. पक्ष्यांच्या टीबीचे जंतू वेगळे असतात. हरणांना त्याने काही होत नाही, पण नुसता संपर्क झाला असला तरी आपली टेस्ट फुगून येते. म्हणून मानेवर दोन इंजेक्शनं द्यायची असतात, एक गुरांच्या टीबीचं, एक पक्ष्यांच्या, आणि कोणतं जास्त सुजतं ते बघायचं. कन्सल्टंटने एकच दिलं. मी तेव्हा विचारलं होतं. तो म्हणाला, गरज नाही. मी गप्प बसले आणि रिपोर्टवर सही केली.

गोळी घरात आल्यापासून दोन महिने मी फक्त गोळीचा विचार केला. किती जड, किती हळू, कुठे थांबेल. जिला मारायचंय ती आजारी आहे का, हे पुन्हा एकदा बघावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही.

मी तशीच रक्ताच्या एप्रनमध्ये दत्तप्रसादच्या ऑफिसमध्ये गेले. म्हटलं, थांबवा, ही हरणं आजारी नाहीत. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, शुक्रवारी अरबाबांचे गेस्ट येतायत. नाहीतरी मारायचीच होती, म्हणून पुतण्याशेठने सगळ्यांना इन्व्हाइट केलंय. आपापल्या रायफली घेऊन येतील. सगळं अरेंज झालंय."

"आपापल्या म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्या. तुमची ती खजूरवाली कोण वापरणार?"

"दत्तप्रसाद, जनावरं निरोगी आहेत."

"रिपोर्टवर सही तुमची आहे," तो म्हणाला. "आता निरोगी म्हणालात तर सहाचं काय सांगणार? जाऊ द्या. खलास."

राजन घरी आला तेव्हा मी त्याला सांगितलं.  तो म्हणाला, "मृणाल, तुझा व्हिसा त्यांचा, हे घर त्यांचं. नीट विचार कर." तो वाईट माणूस नाही, बाबा. घाबरलाय. मीही.

हे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत शुक्रवार होऊन गेला असेल. तरी टाकते. आणि आत्ताच उठून फोन करते. तुम्ही येणार नाही, मला माहीत आहे. आईला सांगेन.

मृणाल

१९ जानेवारी २००२

बाबा,

फोन ठेवला तेव्हापासून तुमचा आवाज कानात आहे. चार वर्षांनी ऐकला आणि आधी ओळखूच आला नाही, इतका म्हातारा वाटला. आई म्हणाली होती, ते येणार नाहीत गं. मी म्हटलं, मग त्यांना इतकंच सांग की सहाही निरोगी होती. आईने मोठ्याने ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग तुम्ही. ना कशी आहेस, ना काय झालं.

"राहिलेली कुठे आहेत?"

मी म्हटलं, कुंपणातच आहेत.

"मग फोनवर काय करतेस?"

काल त्या शब्दांच्या जोरावर मी गेले. आता नीट सांगते काय झालं.

शुक्रवारची नमाज झाल्यावर पाहुणे मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, बसले होते. बाहेर गाड्यांची रांग, गाड्यांमध्ये रायफलींच्या पेट्या. बायका त्या खोलीत जात नाहीत. मी दाराशी उभी होते. सालेमने मला बघितलं. त्याला मी सोमवारीच सांगितलं होतं. तेव्हा तो नुसता रायफल पुसत राहिला होता, त्या दिवशी दोनदा पुसली. त्याने दार उघडलं, स्वतः आधी आत गेला आणि अरबाबांच्या कानाला लागला. अरबाबांनी हाताने मला खूण केली.

आत वीसेक माणसं. कॉफीचा वास. पुतण्या मध्ये बसला होता. दत्तप्रसाद भिंतीपाशी उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, "अरबाब, हिरण बीमार नहीं हैं. टेस्ट गलत था."

पुतण्या हसला. "डॉक्टर का दिल नरम हो गया."

अरबाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला विचारलं, "कितने मारे?"

"छह."

"छह में बीमार कितने?"

"एक भी नहीं."

"किसने बोला था बीमार हैं?"

दत्तप्रसादने डोळे उघडले. मला माहीत होतं, कन्सल्टंटचं नाव घेतलं तर मी सुटेन. मी म्हटलं, "मैंने साइन किया था."

 अरबाबांचा चेहरा लाल झाला नाही, काही नाही. फक्त म्हातारा झाला. बाबा, मी असं कधी बघितलं नव्हतं, माणूस समोर बसल्या बसल्या म्हातारा होतो. पाहुण्यांसमोर त्यांच्या घरातली चूक मी उघडी केली होती. ते उठले, पाहुण्यांना अरबीत म्हणाले की जेवण तयार आहे. मग सालेमकडे हात केला. सालेमने कुंपणाच्या फाटकाची किल्ली त्यांच्या हातात दिली. पुतण्या उठून काही बोलायला लागला. अरबाब एकच शब्द बोलले, मला समजला नाही. पुतण्या बसला.

जाताना माझ्यापाशी थांबले. "जितने बचे हैं, सब फिर से देखो. जैसा देखना चाहिए वैसा देखो. उसके बाद खलास."

बाहेर आल्यावर मी सालेमला म्हटलं, म्हणजे तपासल्यावर पुन्हा मारायची? त्याने मान हलवली. "हिरण खलास नहीं, डॉक्टर. तुम खलास."

मला ते समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं आणि मी त्या गाड्यांच्या रांगेत खाली बसले. ३१ मार्चला नोकरी संपते. घरही. आम्ही उम्म अल कुवैनमध्येच छोटा फ्लॅट बघतोय. वैभवी आणि मी राजनच्या व्हिसावर जाऊ.  आज सकाळी उठून राजनने स्वयंपाकघराच्या भिंतीचं भोक सिमेंटने बुजवलं. मी म्हटलं, आता कशाला, दोन महिन्यांनी घर सोडायचंय. म्हणाला, "असू दे."

आणि तुम्ही विचाराल म्हणून: गाड्यांमधल्या पेट्या उघडल्याच नाहीत. जेवून सगळे गेले.

मृणाल

९ मार्च २००२

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. या वेळी वर 'मृणाल' लिहिलंय. नुसतं मृणाल, पण लिहिलंय.

आधी हरणांचं. टेस्ट पुन्हा केली, या वेळी दोन इंजेक्शनं, माझ्या हातांनी. पहिल्या वेळेसारखं हाकलत पकडायचं नाही असं ठरवलं होतं. सालेमने आधीच त्यांना एका अरुंद वाटेतून चारा खायला यायची सवय लावली, दोन्ही बाजूंनी हिरवं कापड लावलं, म्हणजे कुंपण दिसत नाही. एकही आपटलं नाही. तीन दिवसांनी सूज मोजली. बहुतेक सगळ्यांत पक्ष्यांच्या बाजूचीच मोठी. तळं उपसलं, बदकं हलवली.

पण तीन खरी निघाली. दोन माद्या आणि एक नर. त्यांच्यात दुसरी बाजू सुजली होती, ढळढळीत. मी तिन्ही पुन्हा मोजली. मग अरबाबांकडे गेले. ते म्हणाले, सालेमला सांग. सालेम मचाणावर बसला, तीच रायफल, तेच काडतूस. तीन आवाज. तीन गोळ्या मातीत.

मी पहिली मादी उघडली. फुप्फुसात गाठी होत्या. पिवळट, दह्यासारख्या, सुरीच्या टोकाला लागणाऱ्या. आणि बाबा, मी ओरडले. आनंदाने. "मिली! मिली!" असं हिंदीतून ओरडले. सालेम धावत आला, त्याला वाटलं मला सुरी लागली. मी त्याला गाठ दाखवत होते आणि हसत होते. त्याच्या तोंडाकडे बघून मी थांबले.

एक जनावर आतून सडत होतं, आणि मला इतका आनंद पूर्वी कधी झाला असेल, आठवत नाही. मी हातमोजे काढले आणि बाहेर जाऊन बसले. आपण असे आहोत याचा मला धक्का बसला. गोळी घरात आली तेव्हा बसला होता त्यापेक्षा मोठा. तो अजून गेला नाही.

तुम्ही विचारलंत, पहिलं स्वच्छ निघाल्यावर जानेवारीत बाकीची पाच का उघडली, पुष्कळ लोक पहिल्यालाच थांबतात. तुम्ही शाबासकी म्हणून विचारलं असेल तर ती मला घेता येत नाही. मी खरं शोधायला नाही उघडली. कुठेतरी एक तरी गाठ सापडावी, म्हणजे मी चुकले नाही, म्हणून उघडत गेले. ती सापडली नाही. परवा सापडली. ओरडले ते म्हणून.

हे कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्ही चार वर्षं माझ्याशी बोलला नाहीत तेव्हा मला वाटायचं की तुम्हाला माझ्याबद्दल काहीतरी कळलंय, जे मला कळलेलं नाही. ते हेच का, माहीत नाही. असेल तर आता मलाही कळलंय.

अरबाब काल कळप बघायला आले होते. कुंपणाशी उभे राहिले, मी थोडी मागे.  हरणं सावलीत बसली होती. त्यांनी विचारलं, "बाकी सब ठीक?" मी म्हटलं, ठीक. नोकरीबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही काढलं नाही. शब्द दिला तो दिला, अशी ती माणसं आहेत. मला त्यांचा राग येत नाही.

मग तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला आठवला, सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात: व्हिजिट व्हिसाला किती दिवस लागतात. मी तो वाचला तेव्हा मला वाटलं, आईने लिहिलाय. मग अक्षर बघितलं. मी राजनला दाखवलं. त्याने चष्मा लावून वाचला, काढून पुन्हा वाचला.

बाबा, दोन आठवड्यांत होतो. राजन उद्याच कागद घालतोय. तुम्ही महिना संपण्याआधी या, म्हणजे मी अजून फार्मवर असेन. पण हे घर माझं नाही आणि हे कुंपणही माझं नाही, म्हणून मी काल तिथेच अरबाबांना विचारलं. म्हटलं, माझे वडील जंगलखात्यात होते, म्हातारे आहेत, इंडियाहून येताहेत. त्यांना हरणं बघायची आहेत.

ते माझ्याकडे वळले. "देखना है, कि गिनना है?"

मी म्हटलं, "गिनना है."

ते कुंपणावर हात ठेवून हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं. म्हणाले, "आने दो. मैं भी साथ में गिनूंगा."

मृणाल